आखडलेल्या कोपराचं ऑपरेशन झालं. पुढे काय?

कोपर हा तसा दुर्लक्षित सांधा. गुडघ्यावर घरोघरी चर्चा चालते, मान आणि कंबर यांनाही मान असतो, पण कोपराची आठवण होते ती कोपरखळी मारताना, नाहीतर एखाद्याला कोपरापासून नमस्कार करताना. मी फिजिशियन. गेली २६ वर्षं सांगलीत दवाखाना चालवते. रक्तदाब मोजण्यासाठी रोज तीस-चाळीस जणांच्या कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवते. तरीही कोपर वाकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते माझं स्वतःचं उजवं कोपर वाकेनासं झालं तेव्हा.

त्या कोपराचं पुढे ऑपरेशन झालं. त्यानंतर मला भेटलेल्या प्रत्येकाने ऑपरेशनची चौकशी केली. किती वेळ लागला, किती टाके पडले, भूल कोणती दिली. ऑपरेशननंतरच्या सहा महिन्यांबद्दल मात्र फारसं कुणी विचारलं नाही. खरं तर आखडलेल्या कोपराच्या बाबतीत निकाल त्या सहा महिन्यांत लागतो. या काळात कोणकोणते पर्याय असतात, त्यांतला कोणता कशासाठी, आणि घरी बसून आपण काय करायचं, हे आज सांगते. मी ऑर्थोपेडिक सर्जन नाही. त्यामुळे यातला काही भाग वाचून आणि माझ्या सर्जनशी, फिजिओथेरपिस्टशी बोलून समजलेला आहे, आणि बराचसा माझ्याच हाताने शिकवलेला.

कोपर इतक्या लवकर का आखडतं?

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या पावसात मी घराच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि उजव्या हातावर पडले. कोपराचा सांधा निखळला आणि रेडियस या हाडाच्या वरच्या टोकाचा तुकडा उडाला. सांधा बसवला, बारीक स्क्रू घालून तुकडा जोडला, दहा दिवसांनी हालचालही सुरू झाली. सगळं वेळच्या वेळी आणि नीट झालं. तरीही कोपर आखडलं. अशा दुखापतीनंतर बऱ्याच जणांचं आखडतं, आणि त्यात दर वेळी कुणाचा दोष असतोच असं नाही.

याचं कारण कोपराच्या रचनेत आहे. दंडाचं एक हाड आणि पुढच्या हाताची दोन, अशी तीन हाडं इथे एकमेकांत अगदी घट्ट बसलेली असतात. त्यांच्याभोवती कॅप्सूल नावाची पातळ पिशवी असते. निरोगी कोपराच्या पिशवीत साधारण २० ते २५ मिलिलिटर द्रव मावतो. मार बसला की तिच्यात रक्त आणि पाणी साठतं, आणि हात आपोआप अर्धवट वाकलेल्या स्थितीत येतो, कारण त्या स्थितीत पिशवीला सगळ्यात जास्त जागा मिळते आणि दुखणं कमी होतं. आपण हात तसाच पोटाशी धरून बसतो. इकडे पिशवी जाड होते, आकसते आणि हात त्याच स्थितीत अडकतो. कोपराच्या पुढच्या बाजूचा ब्रेकियालिस हा स्नायू तर थेट या पिशवीवरच टेकलेला असतो. तो फाटून रक्त साठलं तर तिथे व्रण होतो, आणि कधी कधी चक्क नवं हाड तयार होतं.

कोपराची हालचाल अंशांत मोजतात. हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य, आणि पूर्ण वाकलेला म्हणजे साधारण १४० ते १४५. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८१ साली रोजच्या कामांना किती हालचाल लागते ते मोजलं. ३० ते १३० अंश एवढी वाकण्याची, आणि तळहात वर व खाली फिरवण्याची प्रत्येकी सुमारे ५० अंश, एवढ्यात बहुतेक कामं होतात असं त्यांना दिसलं. मोबाइल कानाला लावायला त्याहून थोडं जास्त वाकावं लागतं, असं पुढच्या अभ्यासांत आढळलं.

माझं कोपर आठ महिन्यांच्या व्यायामानंतर ५० ते ९५ यांच्यामध्ये अडकून पडलं होतं. म्हणजे उजव्या हाताचा घास तोंडापर्यंत पोहोचत नव्हता. लग्नाच्या पंगतीत डाव्या हाताने जेवताना आजूबाजूचे लोक बघायचे. स्टेथोस्कोप कानात घालायचा तर दोन्ही टोकं डाव्या हाताने. वयाच्या ५४ व्या वर्षी माझी वेणी सासूबाई घालून देत होत्या.

ऑपरेशनमध्ये मिळतं ते उधारीवर

सहा महिने नेटाने व्यायाम आणि स्प्लिंट करूनही हालचाल पुढे सरकत नसेल, आणि रोजची कामं अडत असतील, तर ऑपरेशनचा विचार करतात. दुर्बिणीने किंवा चीर देऊन आकसलेली पिशवी कापून काढतात, आड येणारं जादा हाड काढतात, आणि कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस गरजेप्रमाणे मोकळी करतात. आपल्याला कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच ही नस.

माझ्या बाबतीत चीर देऊन ऑपरेशन झालं. भूल असतानाच सर्जननी हात वाकवून पाहिला तेव्हा तो ५ पासून १३५ पर्यंत गेला. त्यांनी मला फोटोही दाखवला. मी खूश झाले, तर ते म्हणाले, "मॅडम, हा कोन मी तुम्हाला उधार दिलाय. तो आपला करून घेणं आता तुमच्याकडे."

पुढच्या सगळ्या उपचारांमागचं सूत्र हेच आहे. पिशवी कापली म्हणून शरीर जखम भरायचं थांबत नाही. ऑपरेशननंतर पहिले काही तास रक्त झिरपतं. पुढचे काही दिवस सूज राहते. त्यापुढचे काही आठवडे तिथे नवी, मऊ ऊती भरते. आणि मग महिनोन्‌महिने तीच ऊती घट्ट होत जाते. म्हणजे पहिल्या वेळी कोपर ज्या वाटेने आखडलं, तीच वाट पुन्हा सुरू होते. पुनर्वसन म्हणजे या प्रत्येक टप्प्यावर शरीराच्या एक पाऊल पुढे राहणं. सूज आहे तेव्हा सूज कमी ठेवायची, ऊती मऊ आहे तेव्हा ती हलती ठेवायची, आणि घट्ट व्हायला लागली की हळूहळू ताण देत ठेवायचा.

पहिले तीन दिवस : वेदना आटोक्यात ठेवणं हाच उपचार

आपल्याकडे वेदना सहन करण्याला फार मोठेपणा दिला जातो. इथे तो उपयोगाचा नाही. दुखत असेल तर स्नायू आखडून धरतात, आणि स्नायूंनी धरून ठेवलेलं कोपर हलत नाही. मला मानेच्या बाजूने बारीक नळी घालून तीन दिवस हाताच्या नसा बधिर ठेवल्या होत्या. सगळीकडे ही सोय नसते. तिथे वेदनाशामक औषधं घड्याळ लावून, दुखायला लागायच्या आधी घेणं हा पर्याय असतो. "लागलीच तर घेईन" असं म्हणून गोळ्या शिल्लक ठेवू नका.

जोडीला हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवणं, टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ, आणि हलकं दाबपट्टीचं बँडेज. झोळीत हात अडकवून दिवसभर बसायचं नाही. हाताची मूठ उघडझाप आणि खांद्याची हालचाल पहिल्या दिवसापासून. हे विशेषतः माझ्या मधुमेही वाचकांसाठी. तुमच्यात खांदा आखडण्याचं प्रमाण मुळातच जास्त असतं. कोपर सोडवायला गेलो आणि खांदा गमावून बसलो, असं व्हायला नको.

सीपीएम मशीन घ्यावं का?

कोपर सतत, संथपणे, आपोआप वाकवणारं आणि सरळ करणारं एक मशीन असतं. त्याला सीपीएम म्हणतात. कॅनडातल्या टोरांटोचे ऑर्थोपेडिक सर्जन रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. त्याआधी सांधा दुखावला की त्याला आराम द्यायचा, हाच शिरस्ता होता. कोपराच्या बाबतीत या मशीनचं काम असं की पूर्ण वाकताना आणि पूर्ण सरळ होताना सांध्याभोवतीची सूज स्पंज पिळल्यासारखी पिळून बाहेर ढकलली जाते. म्हणूनच ते पहिल्या दिवसापासून आणि शक्य तेवढ्या पूर्ण कोनात चालवायचं असतं. मधल्या सुखाच्या वीस अंशांत फिरवत ठेवलं तर फक्त वीज जळते.

पुरावा काय सांगतो? मेयो क्लिनिकमधून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दुर्बिणीने सोडवलेल्या कोपरांमध्ये सीपीएम वापरलेल्या गटाला फिजिओथेरपीच्या गटापेक्षा जास्त हालचाल मिळाली आणि लवकर मिळाली. उलट, चीर देऊन केलेल्या ऑपरेशननंतरच्या एका आधीच्या तुलनेत असा फायदा दिसला नव्हता. त्यामुळे काही सर्जन ते आवर्जून देतात, काही अजिबात देत नाहीत, आणि दोघांकडेही आपापली कारणं असतात.

मी पुण्याहून भाड्याने मशीन आणून तीन आठवडे वापरलं. रात्री त्याचा घुं-घुं आवाज ऐकत मी झोपायची. मला ते आवडलं, कारण पहिल्या दिवसांत स्वतः हात हलवायची भीती वाटत होती आणि मशीनने ती घालवली. पण मशीन हालचाल टिकवतं, स्नायूंना काम करायला शिकवत नाही. त्याचा पट्टा सुटला की तासाभराने माझा हात पुन्हा लाकूड. ती हालचाल स्वतःच्या स्नायूंनी करायला लागते, आणि तिला पर्याय नाही.

घरचा व्यायाम : थोडा, पण दिवसभर

माझी फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "मॅडम, माझ्याकडे तुम्ही आठवड्यातून तीन तास येणार. उरलेले तास कोपर तुमच्याकडेच आहे." तिने दिलेला व्यायाम दर एक-दोन तासांनी पाच-सात मिनिटं एवढाच होता.

पहिला वाकवण्याचा. पाठीवर झोपायचं, दंड छताकडे उभा करायचा, आणि हात आपल्याच वजनाने कपाळाकडे, मग खांद्याकडे येऊ द्यायचा. दुसऱ्या हाताने मनगटाला नुसता आधार. जिथे ताण जाणवेल तिथे दहा सेकंद थांबायचं, आणि मग हात पुन्हा छताकडे सरळ करायचा.

दुसरा सरळ करण्याचा. टेबलाशी बसून दंडाखाली टॉवेलची घडी ठेवायची आणि पुढचा हात सैल सोडायचा. मग दंडाच्या मागच्या स्नायूने स्वतः कोपर सरळ करायचा प्रयत्न करायचा.

तिसरा फिरवण्याचा. कोपर कमरेला टेकवून हात काटकोनात धरायचा आणि तळहात वर, तळहात खाली. काही आठवड्यांनी हातात हलकं लाटणं उभं धरून हाच व्यायाम.

प्रत्येकी दहा वेळा. व्यायामाआधी दहा मिनिटं कोमट शेक, नंतर सूज वाटली तर बर्फ. ऑपरेशनमध्ये सांध्याचे बंध शिवले असतील तर काही हालचालींना काही आठवडे मनाई असते. म्हणून हे वाचून परस्पर सुरू करू नका. तुमच्या सर्जनना विचारा.

दुसऱ्या आठवड्याची घसरण

याबद्दल आधी माहीत असलेलं बरं, म्हणून मुद्दाम सांगते. ऑपरेशनच्या टेबलावर ५ ते १३५ असलेलं माझं कोपर बाराव्या दिवशी ३० ते ११० वर आलं होतं. मी आमच्या कालनिर्णयच्या रोजच्या चौकटीत सकाळचे दोन आकडे लिहून ठेवायची. त्या आठवड्यातले आकडे बघून मला रडू आलं. एवढं करून पुन्हा तिथेच जाणार का, डाव्या हाताने किती वर्षं पेशंट तपासणार, हे विचार रात्री मशीनच्या आवाजात डोक्यात फिरायचे.

माझ्या फिजिओथेरपिस्टने आकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "हे होणारच होतं मॅडम. सूज आहे. रोज मोजू नका, दर सोमवारी मोजा." टेबलावरचा कोन भूल असताना, स्नायू पूर्ण सैल असताना मिळालेला असतो. सूज आणि दुखणं त्यातला काही भाग काढून घेतात. बहुतेकांना तो पुढच्या आठवड्यांत परत मिळतो. या घसरणीला घाबरून लोक दोन गोष्टी करतात. काही व्यायाम सोडून देतात आणि काही जोर लावतात. दोन्हींनी कोपराचं नुकसानच होतं.

जोर नको

मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नये, अशी आपली म्हण आहे. कोपराला कुणी खणू नये, अशी तिची उलटी म्हणही हवी होती.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी विषय काढला. त्यांच्या माहितीतल्या एक मालिशवाल्या बाई होत्या, "हात धरून दोन झटक्यांत सरळ करतात." असे जाणते लोक प्रत्येक गावात असतात. दुखावलेल्या किंवा नुकत्याच ऑपरेशन झालेल्या कोपरावर जोरात मालिश करणं, झटके देणं, दुसऱ्याने दाबून वाकवणं यामुळे स्नायूंत पुन्हा रक्तस्राव होतो, पुन्हा व्रण पडतो, आणि नको तिथे हाड तयार होण्याची भीती वाढते. ऑर्थोपेडिक्सच्या पुस्तकांतून कोपराच्या मालिशविरुद्ध विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या बजावलं जातं ते यासाठीच.

सासूबाईंचं मन मोडायचं नव्हतं. मी म्हटलं, "आई, तेल तुम्हीच लावा. फक्त कोपर सोडून. बोटं आणि पंजा चोळा, हलक्या हाताने, बोटांकडून वर." त्याने बोटांची सूज खरोखर उतरली, आणि मालिशवाल्या बाईंचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसरा प्रेमळ सल्ला बादलीचा. "पाण्याची बादली धरून उभ्या राहा, हात आपोआप सरळ होईल." होत नाही. वजन ओढायला लागलं की दंडाचा स्नायू ते सांभाळण्यासाठी आखडतो, म्हणजे हात सरळ व्हायच्या ऐवजी उलट वाकायला बघतो. वजनाचे व्यायाम साधारण दीड-दोन महिन्यांनंतर, फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर.

मग किती ताण योग्य? मला दिलेला नियम सोपा आहे. व्यायाम करताना ओढ जाणवली पाहिजे, आणि थोडं दुखलं तरी ते तासाभरात निवलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर जास्त सुजलेलं, जास्त दुखरं आणि जास्त आखडलेलं असेल, तर काल जास्त झालं. त्या दिवशी ताण कमी करा, हालचाल थांबवू नका.

स्प्लिंट : कोल्हापुरी चपलेचा न्याय

नवी कोल्हापुरी चप्पल पहिल्या दिवशी चावते. तिला हातोडीने ठोकून उपयोग नसतो. रोज थोडा वेळ घालून ती पायाजोगी होते. व्रणाच्या ऊतीचंही तसंच आहे. जोराच्या झटक्याला ती फाटते आणि पुन्हा जाड होते. सौम्य ताण बराच वेळ दिला तर ती लांबते. स्प्लिंट हेच काम करतं.

त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. साधं स्थिर स्प्लिंट हात एका कोनात धरून ठेवतं. रात्री झोपेत हात सरळ ठेवायला हे उपयोगी पडतं, आणि कोन सुधारला की ते पुन्हा घडवून घेतात. दुसरं स्क्रूचं. ताण जाणवेपर्यंत स्क्रू फिरवायचा, अर्धा तास तसंच थांबायचं, सैल वाटलं की आणखी थोडा फिरवायचा. तिसरं स्प्रिंगचं किंवा रबराचं, जे सारखं ओढत राहतं आणि जास्त तास घालावं लागतं. दुखापतीनंतर आखडलेल्या कोपरांवर स्क्रू आणि स्प्रिंग या दोन प्रकारांची तुलना करणारी एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांच्या हालचालीत लक्षणीय फरक नव्हता. म्हणून जे तुम्हाला परवडेल, सोसेल आणि तुम्ही खरोखर घालाल, ते स्प्लिंट चांगलं.

मी रात्री सरळ ठेवणारं स्प्लिंट आणि दिवसा तीनदा अर्धा-अर्धा तास स्क्रूचं वापरलं. तीन महिने नियमित, आणि पुढे सहाव्या महिन्यापर्यंत फक्त रात्री.

गोळ्या आणि नस : इथे माझ्यातली फिजिशियन बोलते

नको तिथे हाड तयार होऊ नये म्हणून काही सर्जन इंडोमेथॅसिन किंवा त्याच जातीचं औषध काही आठवडे देतात. निवडक रुग्णांत किरणोपचाराचा एखादा डोसही देतात. कोपराच्या बाबतीत या औषधाचा पुरावा खुब्याच्या ऑपरेशनइतका भक्कम नाही, त्यामुळे ते सगळ्यांना दिलं जात नाही. दिलंच, तर तुमच्या फिजिशियनला कळू द्या. या औषधांनी रक्तदाब वाढू शकतो, पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. विशेषतः रक्तदाबासाठी "प्रिल" किंवा "सार्टन" शेवट असलेली गोळी आणि सोबत लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर. मलाही रक्तदाबाची गोळी आहे. मी औषध घेतलं, पण दर आठवड्याला रक्तदाब मोजला आणि क्रिएटिनिन तपासलं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी तर सर्जनना आधीच सांगायला हवं. आणि मधुमेह असेल तर ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणा. जखम चिघळली तर व्यायाम थांबतो आणि व्यायाम थांबला की कोपर.

दुसरी गोष्ट अल्नर नसेची. कोपर बरेच दिवस न वाकल्याने ही नसही आखूड जागेत राहायला सरावलेली असते. एकदम जास्त वाकवलं की ती ताणली जाते. चौथ्या आठवड्यात माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटायला लागलं. पेशंटचं पोट तपासताना बोटांची जाण हेच माझं हत्यार, त्यामुळे पोटात धस्स झालं. त्याच दिवशी सर्जनना दाखवलं. वाकवण्याचं स्प्लिंट काही दिवस थांबवलं, पुन्हा कमी कोनात सुरू केलं, आणि दोन-तीन आठवड्यांत बोटं पूर्ववत झाली.

खालीलपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका : करंगळीकडची बोटं बधिर होणं किंवा पंजाची ताकद कमी होणं, ताप, जखमेतून पू, कोपर लाल आणि गरम होऊन मिळालेली हालचाल भराभर कमी होणं, किंवा सगळा हात जळजळणं आणि त्याचा रंग बदलणं.

आणि एवढं करूनही दीड-दोन महिन्यांत हालचाल अडूनच राहिली, तर काही सर्जन भूल देऊन हात हलक्याने वाकवून बघतात. त्यात नसेला इजा आणि हाड मोडणं हे धोके असतात, म्हणून तो पर्याय निवडक रुग्णांसाठी.

मशीन परवडत नसेल तर?

माझ्याकडे मधुमेहासाठी येणाऱ्या एका बाईंचा मुलगा गवंडी आहे. त्याचंही असंच ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं. मशीन नाही, स्क्रूचं स्प्लिंट नाही, एसटीचा खर्च म्हणून फिजिओथेरपी आठवड्यातून एकदा. त्याने मोबाइलवर दर तासाचा गजर लावला होता. रात्रीसाठी रुग्णालयातच प्लास्टरचं स्प्लिंट करून दिलं होतं, तेच घालायचा. तीन महिन्यांनी तो पुन्हा गिलावा करायला लागला. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जिथे पैसे कमी आहेत तिथे कशावर भर द्यायचा, हे त्याच्या गजराकडे पाहून कळतं. वेदनाशामक वेळेवर, स्वतःचा व्यायाम दिवसभर, रात्री साधं स्प्लिंट. हा पाया आहे. मशीन आणि स्क्रू ही त्यावरची भर.

शेवटी किती मिळालं?

माझी बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत झाली आणि त्यानंतर वर्षभर थोडी थोडी होत राहिली. बहुतेकांचा प्रवास साधारण असाच असतो. आज माझं कोपर २० ते १३० चालतं. पूर्ण सरळ होत नाही आणि आता होणारही नाही. छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याची वेळ आली तर दोन्ही कोपरं सरळ, ताठ लागतात. ते काम आता माझ्या दवाखान्यातल्या सिस्टर करतात आणि मी बाजूला उभी राहून मोजते. ही खंत आहे, ती आहे म्हणून मान्य केलीय.

पण घास तोंडात जातो. स्टेथोस्कोप दोन्ही हातांनी कानात जातो. चौथ्या महिन्यात एका सकाळी माझी वेणी मीच घातली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वाकडी झालीय, ये, नीट घालून देते." मी मुकाट्याने त्यांच्यापुढे जाऊन बसले.

तुम्ही किंवा घरातलं कुणी या ऑपरेशनच्या विचारात असेल, तर तारीख ठरवण्याआधी सर्जनना तीन प्रश्न विचारा. ऑपरेशननंतर पहिल्या तीन दिवसांत माझं दुखणं कसं आटोक्यात ठेवणार? कोणती हालचाल कुठल्या दिवसापासून करायची आणि कोणती नाही? मशीन किंवा स्प्लिंट लागणार असेल तर ते कुठून, किती दिवसांसाठी? मग एक प्रश्न स्वतःला विचारा. पुढचे तीन महिने, दर एक-दोन तासांनी, मला हा व्यायाम करता येईल का? कापणी, परीक्षा, घरातलं लग्न असं काही आड येत असेल तर ऑपरेशन थोडं पुढे ढकला. अशा ऑपरेशनला सहसा घाई नसते. आणि ऑपरेशनची तारीख घ्याल, त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टचीही तारीख घेऊन ठेवा.